डोळ्याचा नमुना आधी, थेंब नंतर

भाताची झोडणी सुरू झाली की सदाशिव पेठेतल्या आमच्या कार्यालयात डोळ्याला पदर लावून येणाऱ्या बायका वाढतात. महिन्याच्या बैठकीला भोर, वेल्हे, मुळशीकडच्या गटांच्या अध्यक्षा आणि सचिव एस.टी.ने येतात. काखेत हिशेबाच्या वह्या आणि एखादीचा डोळा लालभडक. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, साळीचं कुसळ गेलंय. थेंब घातलेत, बसेल." दौंड, इंदापूरकडची असेल तर कुसळाच्या जागी उसाचं पान. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लगेच दिसतं म्हणतात, आपल्या डोळ्यातलं मात्र आपण चार-चार दिवस अंगावर काढतो.

आज आपण डोळ्यातल्या जंतूंविषयी बोलू, आणि तो जंतू नेमका कोण हे काही तासांत सांगणाऱ्या तपासणीविषयी. तिला इंग्रजीत मॉलिक्युलर टेस्ट म्हणतात, पुस्तकी मराठीत रेण्वीय चाचणी. नाव ऐकून घाबरू नका. २०२० आणि २०२१ साली नाकात काडी घालून जी आरटी-पीसीआर केली, ती याच घराण्यातली. आपल्या देशातला कोरोनाचा पहिला रुग्ण पक्का झाला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीने, जानेवारी २०२० मध्ये. आणि आपल्या देशात बनलेला कोरोना तपासणीचा पहिला मान्यताप्राप्त संच पुण्याच्या मायलॅब कंपनीचा. तो तयार करणाऱ्या चमूच्या प्रमुख होत्या मीनल डाखवे-भोसले. दिवस भरत आलेले असताना त्यांनी ते काम पुरं केलं, मार्च २०२० मध्ये संच तपासणीसाठी दिला आणि दुसऱ्या दिवशी त्या बाळंत झाल्या. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण 'मोठ्या मशीनचं काम आपल्याला काय कळणार' असं म्हणणाऱ्या मैत्रिणी प्रत्येक गटात असतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. प्रत्येक लाल डोळ्याला ही तपासणी लागत नाही. जुलै २०२३ मध्ये आळंदीत आणि मग राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती, आठवत असेल. घरातलं एक पोर शाळेतून डोळे घेऊन आलं की आठवड्यात सगळं घर चिकटलेल्या पापण्यांनी उठायचं. ती साथ मुख्यतः विषाणूची होती. असे डोळे दोन्हीकडचे येतात, खाज येते, पाणी आणि चिपडं येतं, पण नजर बहुधा स्वच्छ राहते आणि आठ-पंधरा दिवसांत बरं वाटतं. तिथे वेगळा टॉवेल, हात धुणं, थोडा धीर आणि त्रास वाढला तर डॉक्टर, इतकं पुरतं.

खरी भीती आहे ती बुबुळावरच्या जखमेची. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलीमीटर, आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच तो पारदर्शक राहतो. पण तिथे जंतू शिरला की शरीराची फौज पोचायलाही वेळ लागतो. कुसळाने, पाचटाने, काट्याने, कडब्याच्या धसकटाने त्या पडद्यावर बारीक ओरखडा जातो. ओरखड्यातून जंतू आत जातात आणि जखम पिकते. तिला बुबुळावरचा व्रण म्हणायचं. बरा झाला तरी जागेवर पांढरा डाग राहतो. आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडलं. ते फूल बरोबर मधोमध पडलं तर त्या डोळ्याने सुईत दोरा ओवायचा विसरा.

हा आजार शेतात राबणाऱ्यांचा आहे. तामिळनाडूतल्या मदुराई जिल्ह्यात १९९० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी मोजदाद केली, तेव्हा वर्षाला लाखात सुमारे ११३ जणांना असा व्रण होतो असं दिसलं होतं. तिथेही भात, ऊस, जनावरांचा चारा हेच जगणं आहे. आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं आम्हांला वाटत नाही.

आता या व्रणाची खोड ऐका. दिसायला व्रण सारखाच, पण तो करणारे निरनिराळे. कधी जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया. कधी बुरशी, आणि पाल्यापाचोळ्याने झालेल्या जखमेत बुरशीचा संशय नेहमीच धरावा लागतो. कधी हर्पीसचा विषाणू. क्वचित घाण पाण्यातला अमीबा. प्रत्येकाचं औषध वेगळं. जिवाणूवरचा थेंब बुरशीला काहीही करत नाही. जिवाणूंमध्येही सगळे सारखे नाहीत. स्यूडोमोनास नावाचा एक आहे, तो दोन-तीन दिवसांत बुबुळ विरघळवून भोक पाडू शकतो. बुरशी सावकाश पसरते, पण खोल जाते. अनुभवी डॉक्टर नुसत्या नजरेने अंदाज बांधतात, पण अंदाज तो अंदाजच. पुण्यातली दुकानं दुपारी १ ते ४ बंद राहतील, जंतूला वामकुक्षी माहीत नाही.

मग जंतू ओळखायचा कसा? पूर्वीपासून दोन रीती आहेत आणि त्या आजही उत्तम आहेत. डॉक्टर डोळा बधिर करून व्रणाच्या कडेचा अगदी कणभर खरवडा घेतात. त्यातला थोडा काचेवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तासाभरात बुरशीचे धागे आहेत की जिवाणूंचे ठिपके, हे पुष्कळदा कळतं. उरलेला खरवडा खाद्य घातलेल्या बशीत पेरतात. आपण दुधाला विरजण लावतो ना, तसंच. जंतू वाढला की तो कोण आणि कोणत्या औषधाने मरतो, दोन्ही कळतं. याला कल्चर म्हणतात. अडचण वेळेची. जिवाणू वाढायला एक-दोन दिवस लागतात, बुरशीला आठवडा किंवा जास्तही. आणि तुम्ही आधीच चार ठिकाणचे थेंब घालून आलात, तर जंतू अर्धमेले झालेले असतात. मग विरजण लागतच नाही. अहवाल येतो, 'वाढ नाही'. जंतू डोळ्यात असतो, पण कागदावर नसतो.

पीसीआर इथे कामाला येते. ती जंतू वाढण्याची वाट बघत नाही. प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए असतो, त्याची स्वतःची ओळख लिहिलेली लांबच लांब चिठ्ठी म्हणा. पीसीआरचं यंत्र त्या चिठ्ठीतला ठरलेला एक तुकडा शोधतं आणि त्याच्या नकला काढतं. नमुना तापवायचा, थंड करायचा, पुन्हा तापवायचा. दर फेरीत नकला दुप्पट. एकाच्या दोन, दोनाच्या चार. दहा फेऱ्यांत हजाराच्या वर, वीस फेऱ्यांत दहा लाखांच्या वर आणि तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. आपल्या गटाची शिल्लक अशी वाढली असती तर! सुईच्या टोकावर मावेल एवढ्या खरवड्यात जंतू थोडे असले, औषधाने मेलेले असले, तरी चिठ्ठी शिल्लक असेल तर ती सापडू शकते. यंत्रावरचं हे काम काही तासांचं असतं.

क्षयरोगाच्या कामात हे आपण बघितलेलंच आहे. थुंकीच्या तपासणीला पूर्वी काच आणि सूक्ष्मदर्शक होतं. आता सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर नमुना जातो आणि त्याच दिवशी उत्तर येऊ शकतं. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं यंत्र. आशाताईंना विचारा, त्यांना ही नावं पाठ असतात.

डोळ्याच्या बाबतीत मात्र एक गुंता आहे. क्षयात एकाच जंतूला शोधायचं असतं. डोळ्यात कोण बसलंय ते आधी ठाऊकच नसतं. त्यासाठी शास्त्रज्ञांनी चांगली युक्ती काढली आहे. सगळ्या जिवाणूंमध्ये एक जनुक असतं, त्याचा काही भाग सगळ्यांत जवळजवळ सारखा आणि काही भाग प्रत्येकाचा वेगळा. गावात सगळेच पवार असले तर आडनावावरून एवढंच कळतं की माणूस पवारांच्या आळीतला. मग नाव विचारावं लागतं. तसंच, आधी यंत्र आडनाव बघतं, म्हणजे नमुन्यात कुठला तरी जिवाणू आहे का. असला तर वेगळा भाग वाचून त्याचं नाव काढतात. बुरशीसाठी असंच दुसरं जनुक आहे. चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय अशा ठिकाणी डोळ्यांच्या संसर्गावर या पद्धतीने बरीच वर्षं काम चाललेलं आहे.

इतकं ऐकून कुणी म्हणेल, मग ती जुनी काच आणि बशी कशाला? सगळीकडे पीसीआरच करा! तसं करून चालत नाही, आणि यात डॉक्टरांची टाळाटाळ नाही. पापणीवर, कातडीवर नेहमीचे निरुपद्रवी जंतू राहतातच. नमुना घेताना त्यातला एखादा चिकटला तर यंत्र त्याचंही नाव सांगतं. मेलेला आणि जिवंत यांत ते नेहमी फरक करू शकत नाही. जंतू कुठल्या औषधाने मरेल हेही पूर्ण कळत नाही, औषधाला दाद न देणारी काही ठरावीक जनुकं तेवढी शोधता येतात. त्यासाठी बशीत पेरलेला जंतूच लागतो. शिवाय ही तपासणी काचेपेक्षा बरीच महाग आहे आणि डोळ्याच्या नमुन्यासाठी ती थोड्याच प्रयोगशाळांत होते. म्हणून साध्या व्रणाला आधी काच आणि बशी, आणि जिथे जुन्या रीती थकतात किंवा थांबायला वेळ नसतो तिथे पीसीआर. दोन्ही सोबत केलेली सगळ्यांत बरी.

थांबायला वेळ नसतो अशा दोन जागा आम्ही विशेष करून सांगतो, कारण दोन्ही आपल्या घरातल्या आहेत.

पहिली, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची. सासूबाईंचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, छान दिसायला लागलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा ठणकायला लागला, दिसणं कमी झालं. हे डोळ्याच्या आत जंतू गेल्याचं लक्षण असू शकतं. हजारात एखाद्यालाही क्वचितच होतं, म्हणून ऑपरेशनला घाबरायचं कारण नाही. पण झालं तर घड्याळ बघून पळायचं. डॉक्टर डोळ्याच्या आतल्या पाण्याचा थेंबभर नमुना घेतात आणि औषध लगेच डोळ्यातच टोचतात. इतक्याशा नमुन्यात कल्चर पुष्कळदा कोरं येतं, म्हणून इथे पीसीआरचा उपयोग मोठा. 'ऑपरेशननंतर थोडं दुखणारच' असं सांगून म्हातारीला गप्प बसवू नका.

दुसरी, तान्ह्या बाळाची. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात बाळाचे डोळे सुजले, पिवळा पू यायला लागला, तर ते 'नजर लागली' नाही आणि 'चीक आलाय' म्हणून सोडायचंही नाही. बाळंतपणाच्या वाटेत आईकडून बाळाच्या डोळ्यात जंतू जाऊ शकतात. त्यातला एक गोनोरियाचा. तो साधारण दोन ते पाच दिवसांत दिसतो आणि बाळाचं बुबुळ फार झपाट्याने खराब करतो. दुसरा क्लॅमिडिया, तो बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतो. क्लॅमिडिया साध्या बशीत वाढत नाही, त्याला पकडायला रेण्वीय चाचणीच उत्तम. आणि त्याला नुसत्या थेंबांनी भागत नाही, पोटातून औषध द्यावं लागतं, नाहीतर पुढे बाळाच्या फुप्फुसालाही त्रास होऊ शकतो. औषध आईला आणि बाळाच्या बापालाही घ्यावं लागतं. इथे घराघरात आवाज चढतात, सुनेकडे बोट दाखवलं जातं. सुनेला बोलून बाळाचा डोळा बरा होत नाही. आईला हा जंतू असल्याचा पत्ताही नसतो, आणि तो बहुधा नवऱ्याकडूनच आलेला असतो. तिघांचं औषध एकदम घ्यायचं, विषय संपला. आईचं दूध, काजळ, मध, तूप यातलं काहीही बाळाच्या डोळ्यात घालायचं नाही. आजीबाईंनी कितीही आग्रह केला तरी नाही.

याच क्लॅमिडियाचा एक प्रकार म्हणजे आपल्या आजीच्या तोंडी असलेल्या खुपऱ्या. त्यांनी एकेकाळी कितीक जण आंधळे केले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्या भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. स्वच्छ पाणी, तोंड धुण्याची सवय आणि वेळेवर औषध, एवढ्यावर ते साधलं.

आता थेंबांविषयी, कारण सगळं घोडं इथेच अडतं. आमच्या एका गटातल्या वहिनींच्या डोळ्यात भाताचं पातं लागलं. गावाजवळच्या औषधाच्या दुकानातून लाल डोळ्याचे थेंब आणले. पहिल्या दिवशी लाली गेली, ठणका कमी झाला, वहिनी पुन्हा खळ्यावर. सहाव्या दिवशी बुबुळावर राखाडी ठिपका दिसला. थेंबांत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, त्यामुळे बरं वाटतं, पण खाली बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय नमुना घ्यायची वेळ आली तेव्हा डोळ्यात तीन तऱ्हेची औषधं होती. कल्चर कोरं आलं. पुढे बुरशी सापडली, औषध लागू पडलं, पण त्या डोळ्याने वहिनींना आता समोरचा माणूस सावलीसारखा दिसतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड. वाचता येत नसेल तर मुलीला वाचायला सांगा. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय ती बाटली डोळ्याजवळ न्यायची नाही. आणि घातलेच असतील तर लपवू नका, बाटली सोबत घेऊन या. डॉक्टर रागावतील, रागावू देत. त्या बाटलीवरून त्यांना पुढचं ठरवता येतं.

कुसळ गेलं तर काय करायचं ते साधं आहे. डोळा चोळायचा नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचा. रुतलेलं असेल तर पदराच्या टोकाने, जिभेने किंवा गावातल्या 'काढणाऱ्या'कडून काढून घ्यायचं नाही. ठणका, उजेड सहन न होणं, दिसणं कमी होणं किंवा बुबुळावर पांढरं काही दिसणं, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर असलेलं रुग्णालय गाठायचं, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असो की पुण्याचं ससून. तिथे बधिर करायच्या आणि तपासणीच्या थेंबांआधीच विचारायचं, "डॉक्टर, औषध सुरू करायच्या आधी नमुना घ्यायचा आहे का?" विचारायला लाजू नका. छोट्या व्रणाला डॉक्टर नमुन्याशिवायही औषध सुरू करतात, ते बरोबरच असतं. मोठा, मधोमधचा किंवा औषधाने न हटणारा व्रण असेल तर मात्र नमुना हवाच. पीसीआर जवळ होत नसेल तर नमुना दुसरीकडे पाठवता येतो का, तेही विचारा.

इथे एक गैरसमज दूर करतो. आमच्या कार्यालयाजवळ, टिळक रस्त्याने पावलोपावली रक्त-लघवी तपासणीची केंद्रं आहेत. दोन-तीन मैत्रिणी थेट तिथे जाऊन उभ्या राहिल्या, "डोळ्याची ती कोरोनावाली टेस्ट करा." तसं होत नाही. बुबुळावरचा खरवडा डोळ्याचे डॉक्टरच मोठ्या भिंगाच्या यंत्रासमोर बसवून घेतात. नळीत रक्त घेण्याइतकं ते सोपं नाही.

पैशाचं काय, हे तुम्ही विचारणारच. आमच्या संघाने गेल्या हंगामापासून गटांना सुचवलं आहे की डोळ्याच्या इजेसाठी अंतर्गत कर्ज मासिक बैठकीची वाट न बघता द्यावं. अध्यक्षा, सचिव आणि कोषाध्यक्ष तिघींनी फोनवर होकार दिला की पेटीतले पैसे त्याच दिवशी हातात, ठरावाची नोंद पुढच्या बैठकीत. काही गटांनी यावर कटकट केली, नियम म्हणजे नियम. आमचं म्हणणं, नियम आपणच केलेत, ठराव करून बदलू. रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले योजनेत आपला उपचार बसतो का हेही विचारावं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत असू द्या.

शेवटी बैठकीत सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न. नमुना घेताना दुखतं का? आधी बधिर करणारे थेंब घालतात, मग टोचल्यासारखं वाटत नाही, पातं डोळ्याजवळ येताना दिसतं त्याची भीती मात्र वाटते. डॉक्टर सांगतील तिकडे नजर लावून मान स्थिर ठेवायची. मिनिट-दोन मिनिटांचं काम. बधिरपणा उतरला की डोळा थोडा चुरचुरतो. मग खरी मेहनत सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस दर तासाला थेंब घालावे लागतात, रात्रीसुद्धा. एकटीला ते जमत नाही. रात्रीची पाळी घरातल्या कुणी घ्यायची ते निघायच्या आधीच ठरवून ठेवा. नवऱ्याला मोबाइलवर गजर लावता येतो.